एकतीस नंबरचं चित्र

डोळ्यांच्या डॉक्टरनं बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले होते आणि निघताना बजावलं होतं, तीन-चार तास सगळं धूसर दिसेल, जिने जपून उतरा, बारीक काही वाचू नका. सुमिए त्सुजिमोतो जिने जपूनच उतरली. पण नांबा स्टेशनाखालच्या भुयारी वाटेत उजेड नको तितका होता. दिव्यांना झिपऱ्या फुटल्या होत्या, समोरून येणाऱ्या माणसांच्या कडा पाण्यात भिजल्यासारख्या पसरल्या होत्या, आणि फरशी जागेवर आहे हे फक्त पायांनाच कळत होतं. अशात तिकिटाच्या फाटकाअलीकडच्या रुंद खांबावर तिला आई दिसली. खिडकीपाशी बसलेली, मान वर केलेली, गालावर उजेड. आई जाऊन चोवीस वर्षं झाली होती. सुमिए दचकून थांबली नाही, उलट तिचे पाय आपसूक तिकडे वळले. मागून येणाऱ्या कुणाची तरी बॅग तिच्या कोपराला लागली, तो ‘माफ करा’ म्हणाला, तीही म्हणाली. दहा पावलांवर आई आईच होती. पाच पावलांवर गाल फुटायला लागला. दोन पावलांवर तिथं कोणीच नव्हतं. पिवळे, लाल, पांढरे, जांभळे ठिपके होते, चौकोनी, एकेक नखाएवढा, आणि त्यातला प्रत्येक ठिपका तिनं स्वतःच्या हातानं लावलेला होता.

ते प्रदर्शनाचं पोस्टर होतं. डाव्या अर्ध्यात दुसरं चित्र होतं, तीच खिडकी, तीच खुर्ची, पण बाई म्हातारी, शेवाळी आणि तपकिरी रंगांत बुडालेली, तोंडावर पूर्ण अंधार, उजेड फक्त मांडीवरच्या दोन हातांवर. वरती मोठ्या अक्षरांत होतं, ‘एक गेम, दोन नजरा’. खाली जरा बारीक अक्षरांत एक ओळ होती. ती वाचायला सुमिएला पोस्टरपासून मागं सरावं लागलं, मग पुढं यावं लागलं, मग डोळे किलकिले करावे लागले. ‘पश्चिमेनं तिला अंधारात बसवलं. आपण तिचा चेहरा वर केला.’ आपण म्हणजे कोण, असा एक रागीट प्रश्न तिच्या मनात उठला. ते चित्र काढलं त्या खोलीत ‘आपण’ कोणीच नव्हते. ती एकटी होती, खालच्या ओकोनोमियाकीच्या, कोबीच्या धिरड्यांच्या, दुकानातून येणारा सॉसचा जळका गोड वास होता, आणि पलीकडच्या टेबलावर कंपनीचे मालक कुरामोचीसाहेब फोनवर कुणाला तरी खोटं सांगत होते की काम संपत आलंय.

पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. निप्पोनबाशीत, विजेच्या सामानाच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर पाच माणसांची कंपनी होती. परदेशी कॉम्प्युटर गेम विकत घ्यायचे आणि इथल्या यंत्रांवर चालतील असे करून द्यायचे, हा धंदा. मजकूर एकजण जपानीत आणायचा, दोघं यंत्राची भाषा लिहायचे, चित्रं सुमिए करायची. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. समुद्रकाठच्या दीपगृहावरचा तो गेम ब्रिटनमधून आला होता, बेचाळीस चित्रांचा, आणि ती सगळी चित्रं इड्रिस प्रोथेरो नावाच्या एका वेल्श माणसानं काढलेली. त्यांच्या यंत्राचे ठिपके जाडे, पण एका वेळी बत्तीस रंग आणि तेही हजारोंतून निवडलेले. इथल्या यंत्राचे ठिपके राईसारखे बारीक, कारण कांजी, म्हणजे जपानी चित्रलिपी, वाचता यायला हवी, पण रंग मोजून आठ, तेही उघडेनागडे: काळा, निळा, लाल, जांभळा, हिरवा, आकाशी, पिवळा, पांढरा. कातडीचा रंग त्यात नव्हताच. कातडी हवी तर पिवळ्यात पांढरा, पांढऱ्यात लाल अशी जाळी विणायची आणि देवाचं नाव घ्यायचं, काचेच्या फुगीर पडद्यावर ते एकमेकांत उतरतील म्हणून. प्रोथेरोच्या चित्रांत आधी अंधार होता. मग त्या अंधारातून त्यानं भिंतीचा पोपडा, दोराचा पीळ, गंजलेली कडी एकेक करून उजेडात ओढली होती. माणसांची डोकी लहान, खांदे रुंद, आणि सगळ्याला वजन होतं, खुर्ची उचलली तर जड लागेल असं. सुमिएची रीत उलटी होती. आधी रेघ. पडद्यावर पारदर्शक कागद चिकटवायचा, रेघेनं कुंपण घालायचं, मग कुंपणाच्या आत रंग ओतायचा. त्यातही आधी चेहरा, चेहऱ्यात आधी डोळा. बाकीचं चपटं राहिलं तरी चालायचं. प्रोथेरोनं जेवढे ठिपके एका ओल्या भिंतीवर खर्च केले होते तेवढे ती पापण्यांवर खर्च करायची. हल्लीचे लोक याला दोन संस्कृती म्हणतात. निम्मी संस्कृती यंत्राच्या पोटात होती हे तिला माहीत होतं. उरलेल्या निम्मीचं काय, हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

घरी जायचं होतं. रश्शात घालायचं समुद्रशेवाळ, कोंबू, संपला होता, तो घ्यायचा होता. पण सुमिए फाटकातून आत न जाता उलटी फिरली आणि वर रस्त्यावर आली. उन्हानं डोळ्यांत सुया टोचल्या. टोपी खाली ओढून, एका हातानं दुकानांच्या भिंती चाचपत ती निप्पोनबाशीकडे निघाली. प्रदर्शन तिकडेच असल्याचं पोस्टरवर होतं. छातीत काहीतरी पाखरासारखं फडफडत होतं. चालत राहिलं की ते जरा कमी व्हायचं आणि सिग्नलला थांबलं की वाढायचं.

प्रदर्शन एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होतं. खोलीत गारवा, मंद संगीत, आणि भिंतींवर जोडीजोडीनं लावलेले नवे सपाट पडदे. डावीकडे त्यांचं, उजवीकडे आपलं. त्यांचा सरदार दंडाचे स्नायू फुगवून उभा, आपला सरदार डोळे मोठे करून. त्यांचं जंगल काळोखं, आपलं जंगल पान न् पान मोजता येईल असं. सुमिए त्यांच्यासमोरून भरभर गेली, आणि शेवटच्या भिंतीवर ते होतं. एकतीस नंबरचं चित्र. समोर कॉलेजातली वाटावीत अशी एक मुलगी आणि तिचा मित्र उभे होते.

“डावीकडची बाई खरी वाटते,” मुलगा म्हणाला.

“पण उजवीकडची आवडते,” मुलगी म्हणाली.

“आवडणारच. तुला सगळ्या रडक्या बायका आवडतात.”

“तुला सगळ्या मेलेल्या!” मुलीनं त्याला कोपरानं ढोसलं आणि दोघं हसत पुढं गेले.

रडकी. सुमिएनं खालचा मजकूर वाचायचा प्रयत्न केला, अक्षरं पळत होती. तिनं शेजारच्या मदतनीस बाईला विचारलं, जरा वाचून दाखवता का, माझ्या डोळ्यांत औषध आहे. ती तिशीतली बाई पुढं झाली, गळ्यात ओळखपत्र, नाव मिनागावा. तिनं शांतपणे वाचलं: जपानी चित्रकारानं मूळ चित्रातला सावलीतला चेहरा केवळ प्रकाशात आणला नाही, तर तिच्या डाव्या गालावर एक अश्रूही ठेवला, अनाम दुःखाला त्यानं नाव दिलं.

“तो अश्रू नाही,” सुमिए म्हणाली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज मोठा निघाला. “गालाचा उजेड आहे तो. हे पांढरे चार ठिपके जुन्या पडद्यावर पसरायचे, गाल भरलेला दिसायचा. तुमचा पडदा फार स्वच्छ आहे. म्हणून ते सुटे राहिलेत.”

“हो का? तुम्हाला कसं माहीत?”

“आणि चित्रकारानं नाही. बाई होती.”

 मिनागावानं हळूच, एखादं मांजर पळून जाईल अशा बेतानं विचारलं, “गेमच्या शेवटी नावांत फक्त ‘एस. टी.’ आहे. हे प्रदर्शन मीच मांडलंय, दोन वर्षं शोधतेय मी. कुरामोचीसाहेब म्हणाले, पत्ता आहे, पण त्सुजिमोतोला गर्दी आवडत नाही, विचारून सांगतो. मग ते विसरलेच असणार. बाई, तुम्ही त्सुजिमोतोबाई का?”

नाही म्हणता आलं असतं. सुमिए म्हणाली, “हो.” मिनागावानं लगेच खुर्ची दिली, गार बार्ली-चहा दिला, आणि त्या चहाच्या दोन घोटांमध्ये सांगून टाकलं की रविवारी दुपारी इथं कार्यक्रम आहे, प्रोथेरो स्वतः येतोय, कुरामोचीसाहेब येतायत, आणि तुम्ही आलात तर, अहो, तुम्ही आलात तर मी जिंकले.

शुक्रवार आणि शनिवार सुमिएला घरात स्वस्थ बसवलं नाही. इझुमिसानोत तिचं छोटं घर होतं, कंपनी बंद पडल्यावर ती इकडंच टॉवेलच्या कारखान्यात नक्षी काढायला लागली होती आणि निवृत्त होईपर्यंत तेच केलं. टॉवेलही ठिपक्यांचाच असतो, उभा धागा, आडवा धागा, एकेक घर भरायचं. फक्त टॉवेलला तोंड नसतं. फुलं, लाटा, ससे. तेहेतीस वर्षं तिनं ससे काढले आणि माणूस एकदाही काढला नाही, हे शनिवारी सकाळी कपडे वाळत घालताना तिच्या लक्षात आलं आणि ओला टॉवेल हातात घेऊन ती तशीच उभी राहिली. मग तो वाळत घातला. मग पुन्हा काढला, पुन्हा झटकला, पुन्हा घातला. कुरामोचीसाहेबांचं काय करायचं? दर नववर्षाला त्यांचं कार्ड यायचं, ‘तब्येत सांभाळ, सुमिए’, एवढीच ओळ, ब्रशनं, झोकदार. ती उलट ठरावीक शुभेच्छा पाठवायची, छापील.

त्यांना तोंड दाखवायला ती कचरायची, त्याचं कारण असं होतं. एकतीस नंबरच्या चित्रापाशी आल्यावर कुरामोचीसाहेबांनी तिला स्वच्छ सांगितलं होतं, “हे तसंच ठेव. वेळ नाही आपल्याकडे. सगळं काळंच तर आहे, एका दिवसात उरकेल. डोकं लावू नकोस.” आणि तिनं डोकं लावलं होतं. चार दिवस लावले होते. त्या म्हाताऱ्या बाईला पन्नाशीची केली, मान वर केली, चेहऱ्यावर खिडकीचा सगळा उजेड घेतला. साहेबांना कळलं तेव्हा बदलायला वेळ उरला नव्हता. नोव्हेंबरात प्रोथेरो आला, तिशीतला, उंच, कोट खांद्यावर सैल. दुभाषीबाई सोबत. एकेक चित्र बघत मान हलवत गेला. एकतीसपाशी आला आणि थांबला. चष्मा काढून पुसला, घातला, परत बघितलं.  मग त्यानं विचारलं आणि दुभाषीबाईनं सांगितलं, “हे कुणी ठरवलं, असं विचारतायत.” सुमिएनं मान खाली घातली. आणि कुरामोचीसाहेब पुढं झाले, कमरेत वाकले, म्हणाले, “मी. मीच सांगितलं तिला. आमच्याकडे तोंड दिसल्याशिवाय गिऱ्हाईक पुढं सरकत नाही हो.”  संध्याकाळचं जेवण प्रोथेरोनं टाळलं. गेमचे पुढचे दोन भाग यायचे होते, ते आले नाहीत. दीड वर्षानं कंपनीची पाटी उतरली. साहेबांनी टॅक्सी चालवायला घेतली. पाटी उतरवताना सुमिएनं शिडी धरली होती. तेव्हा बोलता आलं असतं. साहेब वरून म्हणाले होते, “घट्ट धर गं, मी मेलो तर माझी बायको तुला सोडायची नाही.” आणि ती हसली होती. एवढंच.

रविवारी ती गेली. न जाण्याचं ठरवून गाडीत बसली, नांबाला उतरून परतीची गाडी कुठल्या फलाटावर लागते ते बघितलं, आणि मग गेली. कुरामोचीसाहेब पहिल्या रांगेत काठीवर हनुवटी टेकून बसले होते. ऐंशी पार, कान मोठे झालेले, आवाज तोच.

“अगं! सुमिए! किती म्हातारी झालीस!”

“तुम्ही झाला नाहीत वाटतं?”

“मी तेव्हाच म्हातारा होतो. माझं काय जायचंय त्यात?” त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला, सोडला नाही. “हातांना काय झालं तुझ्या? खरखरीत.”

“टॉवेल, साहेब.”

“टॉवेल मऊ असतात म्हणे.”

प्रोथेरो पलीकडे उभा होता, पांढरा झालेला, जरा वाकलेला. तिला पाहून त्यानं जपानी माणसापेक्षा जास्त वाकून नमस्कार केला. मिनागावानं तिघांना खुर्च्यांवर बसवलं. साठ-सत्तर माणसं होती. पहिला प्रश्नच तो आला. मिनागावा म्हणाली, हे चित्र आज सगळ्यांना माहीत आहे, पण हा धाडसी निर्णय कुणाचा, यावर कुरामोचीसाहेबांनी आम्हाला आधी मुलाखत दिलीच आहे, तरी आज चित्रकर्तीकडून ऐकू या.  सुमिएनं माइक धरला. तिला वाटलं होतं ती बरंच काही बोलेल. बोलली एवढंच: “साहेबांनी मला तसंच ठेव म्हणून सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. प्रोथेरोंनी विचारलं तेव्हा साहेबांनी माझा दोष स्वतःवर घेतला आणि मी गप्प बसले. त्यामुळं काम गेलं, कंपनी गेली. मी पस्तीस वर्षं गप्प आहे. मला माफ करा.” आणि ती उठून, साहेबांकडे वळून, कंबरेत वाकली आणि वाकलेलीच राहिली.

वरून साहेबांचा आवाज आला, “काहीतरीच काय!”

ती वर झाली.

“काहीतरीच! हिची आठवण गेली वाटतं. अहो, मी सांगितलं हिला. मला लख्ख आठवतं. डिसेंबर होता, मी गरम रश्शातलं ओदेन घेऊन आलो होतो, हिला मुळ्याची फोड वाढली आणि म्हटलं, सुमिए, या बाईला तोंड दे. तोंड नाही तर गेम नाही. ही म्हणाली, साहेब, परदेशी माणूस रागावेल. मी म्हटलं, रागावू दे!” लोक हसले. साहेबांना हुरूप आला. “ही पहिल्यापासून अशीच, सगळा दोष आपल्या पदरात. चित्र हिचं, पण डोकं माझं!” आणि टाळ्या पडल्या.

डिसेंबर नव्हता. ऑक्टोबर होता, ओदेन नव्हतं. सुमिएनं साहेबांच्या तोंडाकडे नीट बघितलं. ते खोटं बोलत नव्हते. तिला वाचवायला एकदा उच्चारलेलं वाक्य त्यांनी इतकी वर्षं टॅक्सीतल्या गिऱ्हाइकांना, नातवंडांना, बायकोला सांगत सांगत असं घोटलं होतं, की आता ते त्यांचं होतं, त्याला मुळ्याची फोड होती, वाफ होती. ऐंशी वर्षांच्या त्या माणसाच्या आयुष्यात अभिमान वाटावा असं हेच एक उरलं असेल तर ते काढून घेणारी ती कोण? ती खाली बसली. हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटेना. देणं द्यायला गेलं आणि सावकारानंच ओळख दिली नाही, तसं काहीतरी झालं होतं.

मग प्रोथेरो बोलायला लागला, मिनागावा थांबत थांबत भाषांतर करत होती. तो म्हणाला, तुम्ही लोक माझ्या अंधाराबद्दल फार चांगलं लिहिलंय. उत्तरेकडचा समुद्र, एकटेपणा, वगैरे. खरं सांगू का? मला चेहरे जमत नव्हते. कधीच जमले नाहीत. एवढ्याशा चौकोनात डोळा काढला की तो डुकराचा दिसायचा. म्हणून मी सगळ्यांना सावलीत बसवायचो. बेचाळीस चित्रांत एकही तोंड नाही, मोजून बघा. लोक पुन्हा हसले, पण तो हसत नव्हता. त्या दिवशी मी हे चित्र बघितलं आणि मला कळलं की या मुलीनं मला पकडलंय. मी काय लपवत होतो ते तिला दिसलं. मला जेवण गेलं नाही. घरी जाऊन मी चित्रं सोडली, शाळेत गणित शिकवायला लागलो. आणि ते पुढचे भाग? ते कुठं आले असते? आमच्या प्रकाशकाचं दुकान त्याच नाताळात बंद पडलं होतं. तुम्हाला कुणी कळवलं नाही का?

कुणी कळवलं नव्हतं. साहेब मोठ्यानं म्हणाले, “बघ! फुकट टॅक्सी चालवली मी!” आणि आता तेही हसले, प्रोथेरोही हसला, त्यांचे खांदे एकमेकांना लागले. सुमिए त्या दोघांच्या मध्ये बसून होती आणि तिच्या छातीतलं पाखरू आता छाती फोडेल असं आपटत होतं. सगळं सुटलं होतं. काम तिच्यामुळं गेलं नव्हतं, कंपनी तिच्यामुळं बुडाली नव्हती, साहेब सुखी होते. इतकी वर्षं तिनं जे ओझं समोर धरलं होतं ते गळून पडलं, आणि त्याच्या मागं जे होतं ते आता उघडं समोर आलं.

ते वर्ष आईचं होतं. आईचं किशिवादात केस कापायचं दुकान होतं, तीन खुर्च्या, तीन आरसे, आणि आयुष्यभर तिनं बायकांची तोंडं आरशात बघितली होती. ऑगस्टात तिला अर्धांगाचा झटका आला. डावा डोळा खाली आला, डावा गाल उतरला, ओठाचा कोपरा असा सुटला की चहा तिथून ओघळायचा. दवाखान्यात ती दिवसभर खिडकीकडे तोंड करून बसायची, हात मांडीवर, आणि सुमिए दारातून यायची तेव्हा तिला आईची फक्त पाठ आणि ते हात दिसायचे. मग एका सकाळी कचेरीत प्रोथेरोचं एकतीस नंबरचं चित्र पडद्यावर उघडलं. सुमिएनं साहेबांना, कुणालाच, काही सांगितलं नाही. चार दिवस बसून तिनं त्या बाईची मान वर केली, गाल भरला, चार पांढरे ठिपके लावून गालाला उजेड दिला, आणि पडद्याचा फोटो काढून दवाखान्यात घेऊन गेली. आईनं तो चांगल्या हातात धरला. बराच वेळ बघितला. शब्द तिच्या तोंडातून ओले, सैल यायचे, तरी हे स्वच्छ आलं: “डावी बाजू सरळ केलीस.” एवढंच. त्यात राग नव्हता. मग तिनं पाणी मागितलं. त्यानंतर आई अकरा वर्षं जगली, सुमिएच्याच घरात. सुमिएनं तिला भरवलं, न्हाऊ घातलं, केस विंचरले. आणि जेवताना, बोलताना, टीव्ही बघताना अकरा वर्षं ती आईच्या उजव्या बाजूला बसली. एकदाही डावीकडे नाही. आईलाही ते माहीत होतं. सुमिए खोलीत आली की ती आपण होऊन जरा वळायची, चांगली बाजू लेकीला द्यायची.

मिनागावानं कार्यक्रमाच्या शेवटी एक गंमत ठेवली होती. दोन जुनी यंत्रं, दोन जुने काचेचे फुगीर पडदे, दोघांनी दहा-पंधरा मिनिटं समोरासमोर चित्र काढायचं, त्यांनी त्यांच्या रीतीनं, यांनी यांच्या. प्रोथेरोनं हात वर करून शरणागती पत्करली, तरी बसला, आणि काळ्या पडद्यावर तपकिरी डाग टाकायला लागला. त्याचा समुद्र लगेच समुद्रासारखा हलायला लागला. सुमिए दुसऱ्या यंत्रासमोर बसली. कळफलकाच्या कळा जड होत्या, पण बोटं विसरली नव्हती. आठ रंग खालच्या पट्टीत उभे होते. तिनं रेघ सुरू केली. कपाळ. उजवी भुवई, उजवा डोळा, पापण्या, तो सरसर आला, मागं कुणीतरी “आहाहा” म्हणालं. मग ती डाव्या भुवईकडे आली आणि हात थांबला. तिला वाटत होतं की ती बाजू तिला आठवणार नाही, ती तिनं पाहिलीच नव्हती. पण हाताला सगळं माहीत होतं. दारातून आत येताना, आईनं वळायच्या आधीचा जो एक क्षण असायचा, त्या क्षणांची अकरा वर्षं साठली होती. भुवईची रेघ खाली उतरली. डोळा त्याच्या जागेवरून दोन बोटं घसरला, पापणी अर्धी मिटली. गालाची रेघ आत गेली, मग सैल होऊन लोंबली. ओठाचा कोपरा सुटला.  प्रोथेरोचे हात थांबले होते, तो आपला समुद्र टाकून तिच्या पडद्याकडे बघत होता. सुमिएनं पिवळ्यात पांढरा, पांढऱ्यात लाल अशी जाळी विणायला घेतली, त्या उतरलेल्या गालावर, घर घर करत, आणि जुन्या काचेवर ठिपके एकमेकांत उतरले, कातडी झाली.

पहिल्या रांगेतून काठी आपटल्याचा आवाज आला. “सुमिए! अगं, डावीकडे उतरलंय बघ. वेळ आहे अजून, सरळ कर ते.”

“असू दे,” ती मागं न बघता म्हणाली. “माझी आई आहे ती. तशीच होती.”

“मी सांगतोय ना तुला, सरळ कर!”

“साहेब,” सुमिए म्हणाली, आणि पुढचा ठिपका लावला, “मी तुमचं तेव्हाही ऐकलं नव्हतं.”